तुझ्या शिक्क्याचं पातं

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं, आईला काळजी करू देऊ नकोस.

काल आमच्या प्रयोगशाळेत विमानाच्या इंजिनाचं एक पातं आलं. लेझरच्या उजेडात होलोग्राम घेताना आम्ही श्वास रोखून उभे राहतो, कारण कुणी नुसतं खोकलं तरी चित्र बिघडतं. मग पातं जरासं तापवून पुन्हा चित्र घेतलं की त्यावर रेषा उमटतात, आणि तडा असेल तिथे त्या मोडतात. काल मोडल्या.

पात्याच्या बुडाशी तुमच्या कारखान्यातल्या तपासणीचा शिक्का ठोकलेला होता, तुझ्या नंबरचा. साहेब म्हणाले, "कोण हा आंधळा?" सगळे हसले, मीही हसले. माझा भाऊ आहे हे सांगितलं नाही.

ते पातं घेऊन विमान माणसांना नेत होतं, दादा. अहवालावर सही करायला मीच पुढे झाले. या पत्राआधी तो तुमच्या कचेरीत पोचला असेल.

वहिनीचा दमा कसा आहे?

तू नेहमी विचारायचास, तुझ्या या उजेडाच्या चित्रांचा उपयोग काय? आता घरीच असशील, तेव्हा सावकाश समजावीन.

तुझीच,
धाकटी