बेबीचा स्वेटर

४ फेब्रुवारी

ती. आईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. मेंढ्या व्यायला लागल्यात, त्यामुळे घरात माणसांपेक्षा कोकरांचीच वर्दळ जास्त. चुलीशेजारच्या खोक्यात सध्या दोन पाहुणे आहेत आणि मी चहा ओतायला लागले की दोघंही आपल्यालाच बोलावलंय असं समजून ओरडतात.

तू यायचं म्हणतेस, पण एवढ्यात नको येऊस. जागेची अडचण आहे, कामाची धांदल आहे. उन्हाळ्यात निवांत ये.

गेल्या आठवड्यात एक नवल पाहिलं. एका मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसऱ्या एका कोकराची आई गेली. ते पोरकं पिल्लू त्या मेंढीपाशी नेलं तर ती लाथा झाडायला लागली. मग सासऱ्यांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि पोरक्याच्या अंगावर चढवलं, चार भोकांतून चार पाय, अगदी बाळाला झबलं घालावं तसं. मेंढीने मागून हुंगलं, घशातल्या घशात काहीतरी बोलली आणि त्याला पाजायला लागली.

मी विचारलं, "फसते कशी हो ती?"

"चार दिवस वास पुरतो," सासरे म्हणाले. "तेवढ्यात तिचं दूध पोटात जातं, मग पिल्लाच्या अंगालाच तिचा वास येतो. तो आला की कातडं काढून टाकायचं. जास्त ठेवलं तर सडतं." एवढं बोलून त्यांनी माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि हात धुवायला निघून गेले.

स्वेटरचं मी तुला कधी लिहिलंच नाही. माझी नणंद, बेबी, आमच्या लग्नाच्या आधीच तापाने गेली, ते तुला ठाऊक आहे. हा स्वेटर तिचा. घरच्या मेंढीच्या तपकिरी लोकरीचा, सासूबाईंनी सूत कातून विणलेला. ती गेल्यापासून त्या धड जेवत नव्हत्या. गेल्या थंडीत मला हुडहुडी भरली म्हणून मी तो खुंटीवरून काढून घातला. त्यांनी मला पाठमोरी पाहिलं आणि म्हणाल्या, "बेबी, जेवलीस का गं?" त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. घरात सगळ्यांचे चेहरे असे उजळले म्हणून सांगू! सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, चार दिवस घाल."

वर्ष झालं, आई.

आता मी बेबीच्या खाटेवर, सासूबाईंच्या खोलीत झोपते. त्यांना 'आई' म्हणते, रागावू नकोस. आणि ह्यांना त्यांच्यासमोर 'दादा' म्हणते. नवऱ्याला दादा म्हणणारी जगात मी एकटीच असेन. हसलीस ना? पहिल्या दिवशी आम्ही दोघंही तोंडात बोळा कोंबून हसलो होतो. फोन सासूबाईंच्या उशाशी असतो, म्हणून फोनवर मी तुझ्याशी परक्यासारखी बोलते. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते लाड आवडले मला. माझे केस त्या इतक्या मायेने विंचरतात की रडू येतं. पण त्या कोणाचे केस विंचरतात, तेच मला कळेनासं झालंय.

दुपारी त्यांचा डोळा लागला की तासभर मी ह्यांची बायको असते. एवढ्यावरून तू ओळखलं असशीलच. हो, पाचवा महिना आहे. तुला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

"पोट दिसायला लागलं की आपोआप सुटशील," हे म्हणाले होते. मी त्याचीच वाट बघत होते. सोमवारी स्वेटरची बटणं लागेनात, तेव्हा मुद्दाम तशीच सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "काढ तो." सुटले बाई एकदाची, असं वाटून मी तो भराभर उतरवून दिला. त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला, कडेची शिवण शोधली आणि दोन्ही बाजूंनी उसवायला घेतला. मग माझ्या पोटाभोवती दोरा धरला.

"तिची कंबर बारीक होती," त्या म्हणाल्या. "तुला दोन्हीकडून चार बोटं वाढवायला हवं."

तिची, आणि तुला! मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळं कळतंय?"

त्यांनी दोऱ्याला मापाची गाठ मारली. "ह्या बापलेकांना वाटतं मला वेड लागलंय. वाटू दे. तू घालत राहा." मग माझ्या पोटावर हात ठेवला. हात ऊबदारच होता गं. "हे आलं की ह्यालाही ह्याच लोकरीचं करीन. हे कुठे जायचं नाही."

मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की तुझ्या मनाचे खेळ आहेत. मग म्हणाले, "तुझ्या आईंना लिहून टाक, एवढ्यात येऊ नका म्हणावं." तेच वर लिहिलंय. माणूस वाईट नाही. त्याची आई जेवते, त्यापलीकडे त्याला काही दिसत नाही.

स्वेटर आज सकाळी तयार झाला. अंगात आहे. छान बसलाय, आणखी चार महिने पुरेल असा. त्या कोकराचं कातडं मात्र सासऱ्यांनी कालच काढून टाकलं. काय उड्या मारत होतं ते!

वरची ती ओळ खोडून टाक. तू ये. लोकर न्यायला आलेल्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र गुपचूप देतेय. आलीस की घरात शिरू नकोस, चहाला बसू नकोस. फाटकाबाहेरूनच मोठ्याने हाक मार, शाळेला उशीर झाला की मारायचीस तशी. आणि पहिल्या हाकेला मी ओ दिली नाही, तर परत फिरू नकोस. पुन्हा मार.

तुझीच,
ठमी