रविवारचे लाड

प्रिय दादा,

फोनवर तू ढब्बूची चौकशी करतोस आणि तो बरा आहे असं मी म्हणते, कारण तुला तेवढंच ऐकायचं असतं. तो बरा नाही. त्याचं यकृत गेलंय हे तुला डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं. मांस पचताना जे विष तयार होतं, ते त्याचं यकृत आता गाळत नाही, ते रक्तातून मेंदूत जातं. मग आपला हा कुत्रा भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो आणि भिंतच ढकलत बसतो. लाळ गळते. माझ्या शिलाई मशीनभोवती एकाच बाजूने गोल गोल फिरतो आणि मला ओळखत नाही.

म्हणून तो मऊ भात, तो बटाटा आणि पोट साफ ठेवणारं ते चिकट औषध. जबडा उघडून औषध मी घालते, चावे मी सोसते. तू रविवारी येणार, ताटली बघून नाक मुरडणार, बिचाऱ्याला उपाशी मारते म्हणून वहिनीसमोर मला ऐकवणार आणि त्याला फिरवायला नेणार. तोही लाडोबा शेपूट हलवत तुझ्यामागे. हौस तुझी आणि उस्तवार माझी, आईच्या दुखण्यातही आपली हीच वाटणी होती.

सोमवार उजाडला की त्याची दशा व्हायची. डॉक्टरबाई मलाच खोदून खोदून विचारायच्या, काय खायला घातलं ते खरं सांगा म्हणायच्या. मी शपथा घ्यायचे. परवा तू दुरुस्तीला टाकलेला कोट उसवला, तर भाजलेल्या कलेजीचे वाळके तुकडे फाटक्या खिशातून अस्तरात घरंगळलेले. ढब्बूवर तुझा जीव आहे, मला माहीत आहे. तरीही मला तुझा संताप येतो, आणि तो जाईल असं वाटत नाही.

आता त्याला झटके येतात, उभं राहवत नाही. शनिवारी दुपारी डॉक्टरबाई घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देणार आहेत. कुणीतरी त्याला धरायला हवं. माझा हात दिसला की औषध आलं समजून तो गुरगुरतो, धडपडतो. तुझा वास आला की मात्र अजून शेपूट हलतं. येताना कलेजी आण, आता काहीही चालेल म्हणाल्या. पण धरायचं तूच. सुई आत जाऊन तो गार पडेपर्यंत हात काढायचा नाही, आणि काम निघालं म्हणून वहिनीला पाठवायचं नाही.

तुझीच,
धाकटी