पाचव्या दिवसाची अंघोळ

माय, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. लातूरला मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं आम्ही बायकांच्या रक्तातून मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारके तुकडे वेगळे काढतो. पेशीतल्या कोणत्या जनुकाचं काम दाबून ठेवायचं, हे ते बघतात. काही बायकांत त्यांचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. त्यांच्या पोटात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलतीकडेच मूळ धरतो, सुजतो, आणि पाळीत जीव नकोसा होतो. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ते आम्हालाही अजून नीट उलगडलेलं नाही. तुला तोच आजार होता का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

कंधारच्या आपल्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस मागच्या पडवीत बसायची आणि पाचव्या दिवशी अंघोळ करून चुलीला हात लावायची. तू मात्र सहा-सात दिवस बसायचीस. त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि भाकऱ्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या. पाचव्या सकाळी तुला पाणी द्यायला आले, तर दोरीवर पाळीची फडकी वाळत घातलेली दिसली नाहीत. मी तडक मोठ्या काकूकडे गेले. "मायचं कालच सरलंय. उगंच बसून हाय," म्हणाले. काकू पडवीच्या दारातून ओरडली, "न्हाऊन घे गं, पोरीची परीक्षा हाय!" तू भिंतीला धरून उठतेस. एका हातानं पोट दाबत, दुसऱ्या हातानं भाकरी थापतेस. मला म्हणतेस, "लई दुखून राहिलंय गं. जा तू, वाच." टेकायला तुला तेवढीच एक जागा होती, ती मी घालवली. काकूला कुणी सांगितलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. मी दोन गरम भाकऱ्या खाऊन वाचायला बसले.

परवा नांदेडची एक सून सासूबरोबर रक्त द्यायला आली होती. किती दिवस दुखतं, असं तिला विचारलं, तर सासूच बोलली, "अंगचोर हाय, मॅडम." मी त्या सासूला फाडफाड बोलले, मग तुझी गोष्ट सांगितली. सून रडली, सासूनं मान खाली घातली. मला बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते. हा कागद कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. ती गोष्ट मी आजवर कितीतरी जणींना सांगितली, माय. दर वेळी माझ्या सांगण्यात चुगली काकूच करते.