निकॉनची खाच

४ डिसेंबर, गुरुवार
आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. इंदूचे गुडघे जिना नको म्हणतात, बाकी बरे. सुनंदाचा पुण्याहून फोन, सर्दी हटली. जावयाचं पोट ठिकाणावर. दुकानातला माझा जुना भागीदार हरी, त्याला फोनवर ऐकू येईना झालंय, त्यामुळं तामलवाडीहून आता पोस्टकार्ड येतं. आजच्या कार्डात: "कान गेले. डोळे हायेत. कॅनन हाये. तुमच्या निकॉनरावांची तब्येत कशी?" या वयातही चिमटा काढायचं सोडत नाही.

डब्यातली कॅमेरे मंडळी: याशिका म्हातारी झाली, तिला आता नुसतं बघायचं. निकॉन ठणठणीत. भिंगाला बुरशी नाही. ओल शोषायच्या पुड्या बदलल्या.

सुनंदा म्हणते, "अण्णा, पंच्याहत्तरीला तुम्हाला नवा कॅमेरा. कंपनी तुम्ही सांगायची. पैशाचं बोललात तर मी फोन ठेवीन." वीस तारखेच्या शनिवारी ती दुकानात जाणार.

६ डिसेंबर
दोन दिवस मोबाइलवर नवे कॅमेरे बघतोय. पोरी बघायला निघाल्यासारखं झालंय.

सोनी: चपळ. उडती चिमणी धरतो म्हणे. पण आतली बटनं-यादी म्हणजे मोठी भावकी, कोण कुणाचं कळत नाही.
फुजी: देखणी पोर, रंग गोड. फार लाडाची वाटते.
पेंटॅक्स: पावसापाण्याला भीत नाही. पण आपल्याकडं विचारतं कोण?
कॅनन: माणसाचा रंग बरा येतो, गव्हाळ माणूस गव्हाळच दिसतो. (हे हरीपुढं बोलायचं नाही.)
निकॉन: जे आहे ते दाखवतो. शिवाय एक कडं लावलं की माझी जुनी भिंगं नव्यावर बसतात. जुनी सोयरीक मोडत नाही.

इंदू म्हणाली, "ठरलेलंच हाय तर बघायचा कारेक्रम कशाला?"
खरंय. निकॉनच. आणि कारण भिंतीवर आहे. हुरड्याचा फोटो. लग्नानंतरचा पहिला हिवाळा, हरीच्या रानात आगटीपाशी इंदू हसतेय, नजर जरा तिरकी. आमच्या फोटोच्या दुकानाच्या काचेत तो लावला आणि कळंबातल्या बाया येऊन म्हणायला लागल्या, "तसला काढा." तसला पुन्हा कधी कुणाचा निघाला नाही. इंदूचाही नाही.

हरीशी वाद झाला की मी फक्त त्या फोटोकडं बोट करायचो. तो गप. वाद खलास.

९ डिसेंबर
सुनंदाला तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. म्हणून पत्र्याच्या पेटीतून निगेटिव्ह काढली. पिशवीवर हरीचं अक्षर. काळ्या खोलीचं काम सगळं त्याचंच असायचं. मी उजेडातला गडी, तो अंधारातला.

खिडकीशी धरली. भिंग लावून कड बघितली.

ठिपका नाही.

पुन्हा पुसून बघितली. नाही.

भागीत दुकान होतं तेव्हा दोघांची रिळं एकाच भांड्यात धुतली जायची, एकाच तारेवर वाळायची. कुणाचं कुठलं कळावं म्हणून लग्नाआधीच मी निकॉनच्या आतल्या चौकटीला कानशीनं बारीक खाच पाडली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला काळा ठिपका येतो. बारशाच्या, लग्नाच्या, पंचनाम्याच्या, सगळ्यांच्या. पेटीतल्या बाकीच्या काढून बघितल्या. आहे, आहे, आहे.

हिलाच नाही.

१० डिसेंबर
इंदूला विचारलं, "हुरड्याचा फोटो कुणी काढला?"
ती ज्वारी निवडत होती. मान वर केली नाही.
"आता काय त्याचं?"
"कुणी काढला?"
"मला काय कॅमेऱ्यातलं कळतं? काळा होता."
"दोन्ही काळेच होते."
मग सूप खाली ठेवलं. "भावजींनी काढला. तुमचं रीळ कोरं निघालं होतं. ते म्हनले, वैनी, बोलू नका, त्याचं मन मोडंल. मी न्हाय बोलले."

माझं रीळ. कोरं. रीळ सरकतं तेव्हा डावीकडचं बटन फिरतं, ते फिरलं नाही तर समजावं रीळ अडकलंच नाही. हे मी निम्म्या तालुक्याला शिकवलं.

"तू पण?" एवढंच म्हणालो.
"तुमी त्या फोटोकडं बघून इतके फुगायचे, कुणी टाचनी लावावी?" म्हणाली, आणि पुन्हा ज्वारीत डोकं.

११ डिसेंबर
जेवण गेलं नाही. घरातली एक आणि बाहेरचा एक, दोघांनी मिळून फसवलं. माझ्याच भिंतीवर.

गुरुवार आहे. हरीचं कार्ड आलं. वाचलं नाही.

१२ डिसेंबर
सगळ्यात काय टोचतंय ते आज सापडलं. फोटो नव्हे. मी बोट दाखवायचो आणि तो गप बसायचा. मी समजायचो, हरला. इतकी वर्षं मी जिंकत होतो आणि तो मला जिंकू देत होता, लहान लेकराशी पत्ते खेळल्यासारखं.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळच्या एसटीनं निघालो, तुळजापूरला बदलून तामलवाडी. निगेटिव्ह वरच्या खिशात.

हरी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेला.
"आण्ण्या? आं? वैनी बऱ्या हायेत ना?"
मी निगेटिव्ह पुढं केली. "ठिपका दाखव."
"काय?"
"ठिपका!" ओरडावं लागलं. शेजारीण बाहेर आली.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, उन्हाकडं धरली. हात थरथरत नाही अजून.
"न्हाय," म्हणाला. "कसा असंल? माजी हाय."
"इतकी वर्षं सांगितलं नाहीस."
"तू इचारलं न्हाईस."
"माझं रीळ?"
"पान्यावानी कोरं. तारंवर टाकलं आन् मलाच रडू आलं. तू भाईर वैनीला सांगत हुतास, बघ आता, निकॉन काय चीज हाय."
"म्हणून दया केलीस."
"काय केलं?"
"दया!"
"दया कसली, बेण्या! माजा फोटो तुज्या दुकानात लागला, तुज्या भिंतीला लागला. मला अजून काय पायजे हुतं?"
"मग कॅननची वकिली कशाला करत बसलास?"
तो हसला. पुढचे दोन दात नाहीत. "मंग बोलायचं काय आपुन? तूर आन् सोयाबीन?"

शेजारीण हसली. मला नाही हसू आलं. हसावं असं होतं, म्हणूनच राग जास्त आला. निगेटिव्ह घेतली आणि उठलो.
"च्या घे की! आण्ण्या! आरं च्या तरी!"
या घरचं पाणी पिऊन निम्मं आयुष्य गेलं. आज कोरड्या तोंडानं फाट्यापर्यंत चालत आलो.

१५ डिसेंबर
इंदू: "भांडलात?"
मी: "नाही."
इंदू: "च्या घेतला?"
मी चपला कोपऱ्यात सरकवल्या.
इंदू: "म्हंजी भांडलात."

सुनंदाचा फोन. "निकॉनच ना अण्णा? बुक करू?" म्हटलं, थांब. "का? कॅनन?" नाव काढू नको म्हणालो. जरा मोठ्यानं निघालं तोंडातून. पोरगी म्हणाली, "बरं. शनिवारपर्यंत थांबते." तिचा काय दोष.

सोनी घ्यावा. ज्याच्याशी आपलं काही मागचं-पुढचं नाही असा.

१६ डिसेंबर
भिंतीवरचा फोटो उतरवला. तिथं पांढरा चौकोन दिसतो, तो फोटोपेक्षा जास्त नजरेत भरतो. दुपारी बघतो तर इंदूनं तिथं कॅलेंडर लावलेलं. मागच्या वर्षीचं.

१८ डिसेंबर
आठवड्यापूर्वी सुनंदासाठी निगेटिव्ह स्कॅन करून घेतली होती लॅबमधून, या गडबडीत विसरलो. लॅबवाल्यानं आज मोबाइलवर धाडली. अख्खी. न कापता.

माझ्या भिंतीवरचा फोटो कापलेला होता, हे मला माहीतच नव्हतं. हरीनं मोठा करताना उजवी बाजू छाटली होती. निगेटिव्हवर मी नुसता ठिपका शोधत बसलो.

उजव्या कडेला एक कोपर आहे. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. इंदूच्या माहेरचा, लग्नातला. कोपराच्या पुढं कॅमेऱ्याचा पट्टा लोंबतोय.

मीच आहे तो. डोळा लावून, कोऱ्या रिळावर बटन दाबत.

इंदू कॅननकडं बघतच नाही. गिऱ्हाइकांना मी रुबाबात सांगायचो, ही तिरकी नजर मीच धरायला लावली होती. ती नजर कोपराच्या मालकाकडं आहे.

मोबाइल इंदूला दाखवला. बराच वेळ बघितला. "हा शर्ट कुठं गेला हो?"
"तू कशाला हसत होतीस?"
"आता काय आठवतंय? तुमच्यात काय कमी हसन्यासारखं हुतं?" मग म्हणाली, "भावजींना इचारा. ते नीट बघत हुते. तुमी एक डोळा झाकून बसलेले."

राग गेलेला नाही. पण त्याला बसायला जागा कमी पडतेय.

१९ डिसेंबर, शुक्रवार
हरीचं न वाचलेलं कार्ड वाचलं. आमची भेट व्हायच्या आधीचं. त्यात काही नाही: तुरीला अळी, कानाला मळ, कॅनन झिंदाबाद.

कार्ड लिहिलंय. पोस्टाच्या पेटीत अजून टाकलेलं नाही, खिशात आहे. उतरवून ठेवतो:

"हरी, कानात तेल घालतोस का? घाल. मी अजून रागात आहे, हे आधी वाच. तू मला जिंकू दिलंस, ते मी विसरणार नाही, आणि तुझ्या वैनीला सामील करून घेतलंस तेही. चहा राहिला, तो माझ्या हट्टानं राहिला. अख्खी निगेटिव्ह बघितली. माझं कोपर कापायला तुझा हात कसा धजला रे? आता एकच सांग. तू डोळ्यानं बघत होतास, मला भिंगातून काही दिसलं नाही. मी असं काय करत होतो की ही हसली? खोटं लिहू नको, आता पुरे. सुनंदा उद्या दुकानात जाणार होती, तिला थांबवलंय. तुझं उत्तर आल्याशिवाय कंपनी सांगणार नाही. लवकर लिही."