खवाट्याखालची जागा

बेलापूर, १२ नोव्हेंबर १९७२, रविवार

नामदेव येऊन गेला. श्रीगोंद्याहून, मुलाच्या जीपमधून. लकव्यानं उजवा हात गेल्यापासून मुलगा त्याला एकटं सोडत नाही. म्हणजे आजही घडीभर एकांत नाहीच.

कोनाड्यातली तेलाची बाटली त्याला दिसली. "मास्तर, पाठ दुखती व्हय अजून?" मुलासमोर मी मास्तर!

म्हटलं, दुखते. डॉक्टर म्हणतात, घरातल्या कुणाकडून चोळून घ्या. घरातलं कोण? दर रविवारी विहिरीवर हाच चोळायचा. विहिरीवर पुरुष पुरुषाची पाठ चोळतोच, म्हणून तर आमच्यातलं इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

मुलगा भला आहे. "सदरा काढा मास्तर, मी चोळतो." नाही कसं म्हणायचं?

हात दणकट, पण जागा चुकत होती. नामदेव बाजेवरून, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अजून खाली. डाव्या खवाट्याखाली. हां, तितंच."

"दादा, तुमाला कसं ठावं?" पोरानं बापाला विचारलं.

मग नामदेव म्हणाला, "म्हातारपणी समद्यांचं तितंच दुखतं."

पोराला काही उमगलं असेल का?

तो जीप चालू करायला गेला. मी सदरा उचलला, तोच नामदेवचा डावा हात पाठीवर आला. चोळायचा जोर नव्हता, नुसता ठेवला. त्याच जागी. बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग हात निघाला.

दिवेलागण झाली. गारठा आहे, तरी सदरा अजून घातलेला नाही. तेलाचे डाग पडतील म्हणून, असं स्वतःला सांगतोय.