मीच काढलेलं बोधीचं पान

मंगळवार, संध्याकाळ

मावशी आली होती. पोरीच्या लग्नपत्रिकेवर तिले तेच बोधीचं पान पाहिजे, जे मी दादाच्या पत्रिकेसाठी काढलं होतं. म्हटलं, दोन मिनिटांत देते. फाइल उघडायले गेली, तर स्क्रीनवर पाटी: तुमचं सदस्यत्व संपलं आहे, पण तुमच्या फाइली सुरक्षित आहेत. सुरक्षित! कोणापासून? माझ्यापासून?

गेल्या महिन्यात मीच मोठ्या तोऱ्यात त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीले दर महिन्याचे पैसे देणं बंद केलं. फाइली आपल्याच कॉम्प्युटरवर आहेत, जातील कुठं? साधी पीडीएफ काढून ठेवायची अक्कल नाही, आणि म्हणे डिझायनर.

आई म्हणाली, "पान तू काढलं, मंग त्यायले काहून विचारून राहिली वं?" त्या कंपनीवाल्या हरामखोरांनी त्या पानाची एक रेघ तरी ओढली का?

शेवटी कपाटातून दादाची पत्रिका काढली. तिच्यावर बटर पेपर ठेवला आणि पानावरून पेन्सिल फिरवत बसली. तिकडं फाइल सुरक्षित, इकडं मी माझीच रेघ गिरवून राहिली.

मावशीनं कागद उजेडात धरून पाहिला. कौतुकानं म्हणाली, "नक्कल बेस जमली वं तुले."