चौतीस अँपिअर

११ एप्रिल
जाधवबाईंची कॅराव्हॅन बांधून होत आली. त्यांच्या यजमानांना, सरांना, मज्जातंतूंचा आजार; उन्हाची झळ लागली की पाय उचलत नाहीत. म्हणून एसी, तोही गाडीतल्या जनरेटरवर. आज दुपारी मोजला. चालताना ७ अँपिअर, सुरू होताना ३४. जनरेटर १३ चा. दोनदा बंद पडला. भागीदार दिलीपला म्हणालो, "सुरू होतानाचा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवल्याबिगर गाडी द्यायची नाय." "व्हय, मागवतो."

१५ एप्रिल
ताईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघालो. चाचणीच्या दोन कोऱ्या कागदांवर सही करून दिलीपकडं दिली. नेहमीचंच. पडेगावचं वर्कशॉप दोघांनी मिळून काढलं त्याला अठरा वर्षं झाली.

२३ एप्रिल
पुण्यातच. बाईंचा फोन. कन्नडच्या घाटात गाड्या तुंबलेल्या, भर दुपार. एसी लावला की जनरेटर बंद. सरांची शुद्ध हरपत चालली, दोन ट्रकवाल्यांनी उचलून सावलीत नेलं. आता दवाखान्यात. बाई शांत बोलत होत्या. "कागदावर तुमची सही होती, म्हणून मी निर्धास्त."
गाडी दिली हेच मला माहीत नव्हतं.

२५ एप्रिल
गाडी वर्कशॉपला आणली. छतावरचं झाकण काढलं, स्टार्टर नाहीच. पुन्हा मोजलं, ३४. कागदावर १२. अक्षर दिलीपचं.
"बाईंना घाई होती. सकाळी गारव्यात एसी चालवून बघितला, उचलला की जनरेटरनं."
"मग बारा कुठून आणले?"
त्यानं छतावरचं झाकण उचलून भिंतीला टेकवलं.
"आणि माझी सही कशाला? तुझी करायची."
"तुझ्या सहीवर लोक विश्वास ठेवतात ना."
कौतुक केल्यासारखं म्हणाला.  मीटर ठेवून निघून आलो.

२७ एप्रिल
दवाखाना. सर बोलतात, पण उजवा पाय अजून हलत नाही. बाईंना सगळं सांगितलं. आकडा खोटा, कागद कोरा दिलेला. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "कोरा का दिलात?"
दिलीप होता म्हणून. हे फक्त इथंच लिहितो. बाईंना हे सगळं लेखी हवंय.

२९ एप्रिल
चार ओळी लिहिल्या. खरा आकडा, खोटा आकडा, कोणी काय केलं. माझी चूकही. संध्याकाळी दिलीपची बायको आली. "भाऊजी, हे दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही एकदा बोला." चहा दिला, घेतला नाही तिनं. ती गेल्यावर जिन्यात चपला वाजल्या. दिलीप खालीच थांबला होता बहुतेक.
कागद टेबलावर आहे. दार उघडंच ठेवलंय. वर आला तर आधी त्यालाच वाचायला देईन, आणि मग उद्या बाईंकडं पोचवीन.